पंचवीस सेकंदांच्या आत

१

रोज सकाळी सात वाजता मी घड्याळाला किल्ली देतो. किल्लीचे दातेरी टोक अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून तीस वेढे. एकतिसाव्याला आतली कमान बोटांना अडवते आणि मी थांबतो. एवढ्यावर ते दोन दिवस चालते. तरीही मी रोज देतो, कारण रोज वापरायच्या वस्तूची रोज विचारपूस करावी असे माझे मत आहे.

घड्याळ वजनाने भारी आहे आणि किमतीने त्याहून भारी. सदऱ्याची बाही त्याला अडते, दाराच्या चौकटीला ते घासते, आणि लिफ्टमधले अनोळखी लोक आधी त्याच्याकडे आणि मग माझ्या चपलांकडे पाहतात. "तुमच्या मनगटावर एका खोलीचं घर आहे," असे बायको म्हणाली होती. "फक्त त्याला खिडकी नाही."

पण ते मी मिरवण्यासाठी घेतलेले नाही. गेली एकतीस वर्षे मी एका कारखान्यात कार्यमापन करतो. म्हणजे कामगार यंत्रापुढे उभा असताना त्याच्यापासून तीन पावलांवर उभे राहायचे, हातातल्या फळीवर तक्ता लावायचा आणि त्याच्या प्रत्येक हालचालीला किती वेळ लागला ते टिपायचे. उचलले: तीन सेकंद. बसवले: पाच. दाबले: दोन. कामगार मला पाठीमागे 'सेकंदसाहेब' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, एवढीच काय ती मर्यादा ते पाळतात.

आमच्या कामात एका हालचालीचा शेवट हाच दुसरीचा आरंभ असतो, म्हणून मोजणी चालू असताना घड्याळ थांबवणे हे नवशिक्याचे लक्षण समजले जाते. माझ्या घड्याळाला क्रोनोग्राफच्या, म्हणजे वेळ मोजण्याच्या, दोन कळा आहेत. वरची दाबली की मधला लांब काटा धावू लागतो, पुन्हा दाबली की थांबतो. खालची कळ त्या थांबलेल्या काट्याला शून्यावर आणते. पण काटा धावत असतानाच खालची दाबली, तर तो शून्यावर झेपावतो आणि क्षणाचीही उसंत न घेता तिथूनच पुन्हा धावू लागतो. या एका सोयीसाठी मी हे घड्याळ घेतले. दिवसातून पाचसहाशे वेळा माझा अंगठा ती खालची कळ दाबतो. मला ते कळतही नाही.

२

बायको भूगोल शिकवते. तीन महिन्यांपूर्वी शाळेच्या जिन्यावर तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. त्या जागी आता पोलादी गोळा आहे. फिजिओथेरपी करणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा घरी येतात. त्यांनी अट घातली आहे की शयनगृहाच्या उंबऱ्यापासून दिवाणखान्यातल्या खुर्चीपर्यंतचे अंतर एका काठीच्या आधाराने पंचवीस सेकंदांच्या आत चालून दाखवायचे, तरच त्या प्रमाणपत्रावर सही करणार. ते अंतर मी फितीने मोजले. बरोबर अकरा मीटर. मध्ये सरळ बोळ आहे. एका बाजूला स्नानगृहाचे आणि स्वयंपाकघराचे दार, दुसऱ्या बाजूला कोरी भिंत आणि तिच्या मध्यावर स्विचबोर्ड.

प्रमाणपत्राशिवाय शाळा तिला वर्गात घेणार नाही. तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि तिच्या जागी तात्पुरती नेमलेली बाई, बायकोच्या भाषेत, 'टेबलाचे खण आवरायला लागली आहे'. नवे सत्र सुरू होते त्या सोमवारपर्यंत प्रमाणपत्र पोहोचले नाही, तर ती तात्पुरती बाई कायम होणार.

"परत फळ्यापुढं उभी राहिले नाही, तर मला मेल्यात जमा धरा," बायको म्हणाली.

"असं बोलू नये."

"बोलायला सेकंद लागत नाहीत म्हणून बोलते. चालायला लागतात."

रोज संध्याकाळी साडेपाचला मी कारखान्यातून परतलो की ही मोजणी होई. मी खुर्चीशेजारी फळी घेऊन बसे. बोळाच्या टोकाकडून आवाज येई, "निघाले हं," आणि मी वरची कळ दाबे. काठीची टकटक, पावलाची घसट, पुन्हा टकटक. खुर्चीच्या हाताला तिची बोटे टेकली की मी पुन्हा कळ दाबे, आणि श्वास घेण्याआधी ती विचारी, "किती झाले?"

"चौपन्न, एक पंचमांश."

"पंचमांश तुमच्याकडं ठेवा. मला चौपन्न पुरे."

३

एका सकाळी किल्ली देण्यासाठी बशीतून घड्याळ उचलले आणि लांब काटा बाराच्या खुणेवर नसल्याचे दिसले. आदल्या संध्याकाळी मी तो शून्यावर आणून ठेवला होता. आता तो बावन्न सेकंद, तीन पंचमांश एवढे अंतर कापून थांबलेला होता.

बाहीने कळ दाबली गेली असेल असे मी मानले. पण घड्याळ रात्रभर बशीत होते आणि बशीला बाह्या नसतात. मी काटा शून्यावर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा हललेला होता, निराळ्या ठिकाणी. तिसऱ्या दिवशीही.

कारखान्यात मोजणी चालू असताना कामाशी संबंध नसलेले काही घडले, म्हणजे कामगाराला शिंक आली किंवा कुणी त्याला काही विचारून गेले, तर त्याला आम्ही 'परका घटक' म्हणतो. तो समासात टिपायचा, त्याभोवती वर्तुळ काढायचे आणि बेरजेतून वगळायचा. मी सकाळचे ते आकडे बायकोच्या तक्त्याच्या समासात टिपले, वर्तुळे काढली आणि वगळले. एकतीस वर्षांची सवय. नऊ दिवस मी माझ्याच हाताने पुरावा लिहीत होतो आणि माझ्याच हाताने तो बाद करीत होतो.

दहाव्या दिवशी फिजिओ बाईंना दाखवण्यासाठी तक्ता स्वच्छ उतरवून काढताना मला दोन्ही रकाने शेजारी शेजारी दिसले. समासातला पहिला आकडा बावन्न, तीन पंचमांश. त्या दिवशी संध्याकाळी बायकोला लागलेला वेळ बावन्न, तीन पंचमांश. दुसरा: पन्नास पूर्ण, पन्नास पूर्ण. नऊच्या नऊ.

सकाळचा आकडा आधी, संध्याकाळचा नंतर.

४

मी विचारी माणूस आहे. सकाळी पाहिलेला आकडा डोक्यात राहतो आणि संध्याकाळी अंगठा तिथेच कळ दाबतो, हे सर्वांत सोपे स्पष्टीकरण होते. म्हणून मी दुसऱ्या दिवशी बायकोच्या हाती मोबाइल दिला आणि वेळ तिलाच मोजायला लावला. मोबाइलने एकेचाळीस पूर्ण सांगितले. घड्याळाने ते सकाळी सातलाच सांगितले होते.

मी घड्याळ घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी ते मखमली तबकात ठेवले, जणू ते घाबरलेले होते.

"काय त्रास आहे, सर?"

"क्रोनोग्राफ आपोआप सुरू होतो आणि आपोआप थांबतो."

"थांबतो ना? बहुतेकांची तक्रार थांबत नाही अशी असते."

"मी कळ दाबत नाही."

"घरी लहान मुलं?"

"नाहीत."

"मांजर?"

"बाई, मांजर एकदा सुरू करायला आणि एकदा थांबवायला अशी दोनदा कळ दाबेल का?"

त्यांनी हे खरोखर लिहून घेतले. मग धीराच्या सुरात म्हणाल्या, "रोज वापरणाऱ्यांचं असं होतं, सर. एक गृहस्थ म्हणाले, घड्याळ दिवसाला दीड सेकंद मागं पडतं म्हणून बायको चिडचिडी झालीय. आम्ही घड्याळ ठीक करून दिलं. बायकोचं काम आमच्याकडं होत नाही."

पाचव्या दिवशी घड्याळ परत मिळाले. सोबतच्या चिठ्ठीवर छापील अक्षरांत 'दोष आढळला नाही' असे होते. खाली कारागिराने पेन्सिलीने लिहिले होते: 'रोज सकाळी काटा पुढील ठिकाणी थांबलेला आढळला व शून्यावर आणला. ग्राहकास विनाकारण कळ दाबण्याची सवय असावी.' पुढे चार आकडे होते.

"ही सवय मी इथं नसताना मला कशी जडली?" मी विचारले.

बाईंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "तुम्ही समाधानी नसाल तर अभिप्रायाचा फॉर्म आहे, सर."

मी फॉर्म घेतला नाही. घरी येऊन त्या चार संध्याकाळी मोबाइलने मोजलेले वेळ काढले. एकोणचाळीस, एक पंचमांश. सदतीस, चार पंचमांश. सदतीस पूर्ण. पस्तीस, दोन पंचमांश. चिठ्ठीवर हेच होते, याच क्रमाने.

५

ज्याचे काही करता येत नाही अशी गोष्ट ठाऊक असण्यासारखा वैताग नाही. मी दिवसभर कारखान्यात इतरांच्या हालचाली टिपत असे आणि माझ्या मनगटावर संध्याकाळ आधीच टिपून झालेली असे. ती खोटी पाडावी म्हणून मी एकदा, बायको बोळाच्या मध्यावर असताना, जोराने ओरडलो.

ती थांबली. "काय झालं?"

"काही नाही."

"मग ओरडता कशाला? पडले असते म्हणजे? वय झालं तरी पोच नाही." तिने हे सगळे सावकाश, काठी रोखून सांगितले आणि मग चालू लागली. तिची बोटे खुर्चीला टेकली तेव्हा काटा तेहतीस, एक पंचमांशावर होता. सकाळीही तो तिथेच होता. माझे ओरडणे आणि तिचे बोलणे त्यात धरलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी जे केले ते करायला नको होते. ती स्विचबोर्डापाशी आली असेल अशा बेताने मी वरची कळ दाबून काटा थांबवला.

टकटक थांबली.

मी मान वळवून पाहिले. ती बोळात उभी होती. काठी पुढे टेकलेली, डावा पाय जमिनीपासून बोटभर उचललेला. ज्या पायावर तिने सगळा भार घेतला होता तो शस्त्रक्रियेचा पाय होता. त्यावर ती दोन क्षणही उभी राहू शकत नाही. ती डगमगत नव्हती. कपाळावरची एक बट पुढे आली होती आणि तीही तशीच होती.

मी कळ पुन्हा दाबली. पाय खाली आला. टकटक सुरू झाली.

"मध्ये थांबलीस का गं?" ती खुर्चीपाशी पोहोचल्यावर मी शक्य तितक्या सहज विचारले.

"मी कुठं थांबले? किती झाले ते सांगा."

त्यानंतर मी प्रयोग केले नाहीत. आकडे उतरत होते, ती हसत होती, आणि दुखत नसलेल्या जागी बोट घालू नये एवढे शहाणपण मला होते. एकोणतीस. सत्तावीस, दोन पंचमांश. सव्वीस. शुक्रवारी सकाळी बशीत चोवीस, तीन पंचमांश होते. मी त्या दिवशी तिच्यासाठी निळ्या शाईचे नवे पेन आणले. संध्याकाळी तिने खुर्चीला हात लावला, मी आकडा सांगितला, आणि ती प्रथमच म्हणाली, "पंचमांशसुद्धा सांगा."

फिजिओ बाई शनिवारी अकराला येणार होत्या.

६

शनिवारी सातला मी घड्याळ उचलले. काटा धावत होता.

तो थांबेल म्हणून मी उभा राहिलो. त्या काट्याची मिनिटे मोजणारी छोटी तबकडी अकरा दाखवीत होती आणि तास मोजणारी दोनच्या पुढे गेली होती. म्हणजे तो पाचला अकरा मिनिटे कमी असताना सुरू झाला होता. मी किल्ली दिली. तीस वेढे. काटा बाराच्या खुणेवरून गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. आठ वाजले. सव्वाआठला मी खुर्ची घेऊन बशीपुढे बसलो. थांबून बघत राहणे हा माझा पेशा आहे, पण ज्या कामाला शेवट नाही ते मी कधी मोजलेले नव्हते.

दहाला मी बायकोला सांगितले, "आज नको चालूस."

ती खाटेवर बसून बुटांचे बंद बांधत होती. "का?"

"घड्याळ बरोबर नाही."

"मग मोबाइल आहे. जगातले सगळे सेकंद तुमच्याकडंच मिळतात का?"

"पुढच्या आठवड्यात बोलावू त्यांना."

"पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर दुसरीचा डबा असेल." तिने बंद घट्ट ओढला. "काल चोवीस झाले. तुम्हीच मोजले. आज काय बिघडलं?"

"मला बरं वाटत नाही हे. एवढं एक ऐक."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. वर्गात खोटे बोलणाऱ्या मुलाकडे ती असे पाहत असावी. "एक सांगू? राग मानू नका. तुम्हाला मी अशीच बरी वाटते. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर. मोजायला सोपी."

याला माझ्याकडे उत्तर होते, पण ते कुणी शहाण्या माणसाने उच्चारावे असे नव्हते. तुझी आजची चाल संपत नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगायचे होते?

"बाई यायच्या आधी मी एकदा चालून बघणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही मोजा, नाहीतर मोजू नका."

७

मी दिवाणखान्यात आलो आणि घड्याळ तळहातावर घेतले. तासांच्या तबकडीवर काटा साडेपाचच्या पुढे गेला होता. नुसता थांबवला तर तो आकडा तसाच राहील; आणि अकरा मीटरांना साडेपाच तास, हा आकडा मला कुठेही लिहायचा नव्हता. त्यापेक्षा काही आकडाच नसलेला बरा. आधी वरची कळ, म्हणजे काटा थांबेल. मग खालची, म्हणजे शून्यावर येईल. दोन साध्या कृती. ती अजून निघाली नव्हती, तेव्हा थांबवण्यात धोका नव्हता. हे मी मनाशी दोनदा म्हटले. वर, मग खाली.

बोळाच्या टोकाला शयनगृहाचे दार करकरले.

एक हालचाल संपली आणि दुसरी सुरू झाली, हे त्या आवाजाने माझ्या अंगठ्याला सांगितले असावे. तो आपण होऊन खालच्या कळेवर गेला आणि त्याने ती दाबली. काटा शून्यावर झेपावला आणि क्षणाचीही उसंत न घेता धावू लागला.

"निघाले हं," बायको म्हणाली.

टकटक. घसट. टकटक. आदल्या दिवशी तिला काठीचे बावीस टेकू लागले होते. मी मनात मोजू लागलो. सोळाव्याला माझ्या पाठीवरचा ताण सैल झाला, कारण चाल उत्तम होती, कालच्याहून चांगली. बाविसाव्याला मी खुर्चीच्या हाताकडे पाहिले. तेविसावा टेकू पडला. चोविसावा. आवाज जवळ येत नव्हता आणि लांबही जात नव्हता. तिसाव्याला मी मान वळवली.

ती स्विचबोर्डापाशी होती. स्वयंपाकघराच्या दारातून आलेले ऊन तिच्या खांद्यावर होते. काठी पुढे पडली, पाऊल मागोमाग आले, भार बदलला, पुन्हा काठी. ती जागच्या जागी पाय आपटत नव्हती. प्रत्येक पाऊल पुढेच पडत होते, आणि मी पावले ओळखणारा माणूस आहे. पाऊल पुढे पडत होते आणि ती स्विचबोर्डापाशी होती.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. चेहऱ्यावर जिंकत आल्याचे हसू होते.

"आले, आले," ती म्हणाली.

८

अकराला घंटा वाजली. मी दार उघडले.

"बाई कुठं आहेत?" फिजिओ बाईंनी विचारले.

"येत आहेत."

त्यांनी टकटक ऐकली आणि समाधानाने मान हलवली. "छान चाल आहे हो. एका लयीत." प्रमाणपत्राचा कागद मांडीवर घेऊन त्या समोरच्या सोफ्यावर बसल्या. मी खुर्चीवर होतो. पाच मिनिटांनी त्या म्हणाल्या, "अकरा मीटरच ना?" मी होय म्हटले. आणखी काही वेळाने त्यांनी पुढे वाकून बोळात पाहिले. मग सरळ बसल्या आणि पुन्हा त्या बाजूला पाहिले नाही. पेनाचे टोपण त्यांनी उघडले होते, ते लावले. पाऊण तास आम्ही दोघे असे बसलो होतो, दवाखान्यात नंबर लावून बसतात तसे. मग त्या उठल्या, कागद टीपॉयवर ठेवला, दोन्ही हातांनी नीट सपाट केला आणि चपला हातात घेऊन बाहेर पडल्या. त्या जिन्यात तरी चपला घालतात का हे मी कान देऊन ऐकले. चपलांचा आवाज आला नाही.

मग मी बोळात गेलो. आधी जायला हवे होते, हे मला ठाऊक आहे. खुर्चीपासून स्विचबोर्डापर्यंत नऊ पावले. तिथे भिंत होती आणि भिंतीवर स्विचबोर्ड होता. पुढे शयनगृह, खाट, चादरीवर तिच्या बसण्याची खळगी. टकटक चालूच होती, मी जिथून आलो होतो तिथे. परत येऊन खुर्चीवर बसलो, तेव्हा ती स्विचबोर्डापाशी होती आणि माझ्याकडे येत होती.

खुर्चीवरूनच ती दिसते. म्हणून मी खुर्ची सोडत नाही.

९

कारखान्यात मी आजारपणाची रजा टाकली आहे. शाळेचे पत्र आले. ते मी वाचले आणि टीपॉयवर, न भरलेल्या प्रमाणपत्राखाली ठेवले. तासांची तबकडी बारा तासांनी एक फेरी पुरी करते. मी तक्त्यावर प्रत्येक फेरीला एक उभी रेघ ओढतो. काल चौऱ्याऐंशी झाल्या. यांतली एकही मला समासात घालता येत नाही. वगळायला आता परके काही उरलेले नाही.

सर्व्हिस सेंटरच्या बाईंचा फोन आला.

"सर, तुमच्या घड्याळाची मोफत तपासणी बाकी आहे. आता कसं चालतंय?"

"चालतंय."

"क्रोनोग्राफ?"

"तोही."

"सतत चालू ठेवत नाही ना, सर? त्यानं आतलं तेल सुकतं, चाकं झिजतात. तो कामापुरताच वापरायचा असतो."

"काम चालू आहे."

"कसला आवाज येतोय, सर? सुतारकाम चाललंय का?"

"बाई, तो चालू असतानाच तेल घालता येतं का?"

"नाही सर. उघडायचं म्हणजे थांबवावंच लागतं."

"किती वेळ?"

"सहा आठवडे धरा. पण न घालता चालवलंत, तर कधीतरी आपणहून थांबेल. मग आम्हाला बोलू नका."

आज सकाळी सातला मी किल्ली दिली. तेविसाव्या वेढ्याला आत काहीतरी खरखरले, दाताखाली वाळूचा कण यावा तसे. मी थांबलो. वेढा पुढे गेला. उरलेले सात मी श्वास रोखून दिले, आणि मग घड्याळ कानाशी धरले. पण टकटकीत त्याची टिकटिक मला वेगळी काढता आली नाही.

मी बोळाकडे पाहिले. तिच्या कपाळावरची बट पुढे आली होती. काठी पडली, पाऊल आले. चाल किंचित मंदावली आहे असे मला वाटले. मी मोजून पाहिले नाही.

"अहो," ती धापा टाकीत, आनंदाने म्हणाली, "किती झाले?"

मी अंगठा कळांपासून दूर, मुठीत धरून ठेवला.

"पंचवीसच्या आत आहेस," मी म्हणालो. "ये."